इंडिपेंडन्स रॉक : कातळावरची नावं वाचायला जाताना

डेन्व्हरहून यलोस्टोनला गाडीने जाणारी अनेक मराठी कुटुंबं वायोमिंगमधल्या 220 क्रमांकाच्या रस्त्यावर पाय मोकळे करायला थांबतात. समोरचा करडा कातळ बघतात, पाटीपाशी फोटो काढतात आणि वीस मिनिटांत पुढे निघतात. एकोणिसाव्या शतकात इथून पश्चिमेला गेलेल्या प्रवाशांनी या कातळावर कोरलेल्या नावांपैकी एकही वाचलेलं नसतं, आणि त्यात त्यांची चूकही नसते. पार्किंगमधून नावं दिसतच नाहीत. बरीचशी माथ्यावर आणि कपारींत आहेत, त्यांच्यावर दगडफुलाचे थर चढले आहेत, आणि भर दुपारच्या उन्हात उथळ अक्षरं दगडात विरून जातात. या कातळासाठी निदान तीन-चार तास काढायची ज्यांची तयारी आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी थोडं समजून घ्या

इंडिपेंडन्स रॉक हा ग्रॅनाइटचा एकसंध, पालथ्या पडलेल्या कासवासारखा दिसणारा उंचवटा आहे. लांबी सुमारे 1,900 फूट, रुंदी सुमारे 850 फूट, आणि आजूबाजूच्या जमिनीपासून उंची साधारण 130 फूट. एक फेरी मारायची तर मैलभराहून जास्त चालावं लागतं. समुद्रसपाटीपासून ही जागा सुमारे 6,000 फुटांवर आहे. म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच, पण हवा अगदी कोरडी आणि झाड म्हणून जवळजवळ नाही. चहूकडे सेजब्रशची करडी झुडपं आणि कातळाला खेटून वाहणारी स्वीटवॉटर नदी.

ही नदीच या जागेचं कारण आहे. 1840 च्या दशकापासून 1869 मध्ये रेल्वेमार्ग पूर्ण होईपर्यंत काही लाख माणसं मिसुरी नदीच्या काठावरून ओरेगॉन, कॅलिफोर्निया आणि युटाकडे गेली. बहुतेकांचा प्रवास बैलांच्या गाड्यांनी, दिवसाला सरासरी पंधरा मैल. गाड्यांत सामान भरलेलं असायचं, म्हणून धडधाकट माणसं बरोबरीने पायी चालायची. आज कॅस्पर शहर आहे त्या भागात ते नॉर्थ प्लॅट नदी कायमची सोडायचे. तिथून स्वीटवॉटरपर्यंतचे पन्नासेक मैल या वाटेवरच्या सर्वांत वाईट टप्प्यांपैकी. वाटेतल्या डबक्यांचं पाणी खारट, क्षारांनी भरलेलं. तहानलेला बैल तिथे तोंड घालायचा आणि पुढच्या काही तासांत आडवा व्हायचा. हा टप्पा पार केल्यावर गोडं पाणी, गवत आणि सावली देणारा प्रचंड दगड दिसला की तांडे थांबायचे. जनावरांना विश्रांती, कपडे धुणं, गाड्यांच्या चाकांची डागडुजी. हातात एक मोकळा दिवस आणि समोर कोरायला दगड, इतकं जुळून आलं की नावं पडणारच.

नाव कसं पडलं याची रूढ हकीकत अशी, की विल्यम सब्लेट यांचा फरच्या व्यापाऱ्यांचा तांडा 4 जुलै 1830 ला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, इथे मुक्कामाला होता. पुढे स्थलांतरितांसाठी हीच तारीख वेळापत्रकाची खूण झाली. 4 जुलैच्या आसपास इथे पोचलात तर पश्चिमेच्या डोंगरांत बर्फ पडण्याआधी पार होण्याची आशा. महिनाभर उशीर झाला असेल तर काळजीचं कारण. हे लक्षात ठेवा, नावांपुढच्या तारखा वाचताना उपयोगी पडतं.

आणि ही जागा गोऱ्या प्रवाशांनी ‘शोधलेली’ नाही. शोशोनी, अरापाहो, शायान, क्रो, लकोटा अशा अनेक मूळ रहिवासी समाजांची इथे पिढ्यान्‌पिढ्या ये-जा होती आणि त्यांनीही या दगडावर खुणा कोरल्या होत्या. पाटीवरच्या चार ओळींत हे भुर्रकन निघून जातं, म्हणून इथे मुद्दाम सांगितलं.

केव्हा जावं

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत. त्याआधी आणि नंतर अडचण थंडीपेक्षा वाऱ्याची असते. हा वायोमिंगच्या सर्वांत वाऱ्याच्या पट्ट्यांपैकी एक, आणि हिवाळ्यात नवा बर्फ न पडताही जमिनीवरचा बर्फ उडून रस्ता दिसेनासा होतो. तेव्हा रस्ते बंदही करतात. निघण्याआधी वायोमिंगच्या 511 सेवेवर रस्त्याची स्थिती बघायची सवय उन्हाळ्यातही ठेवा.

जून आणि जुलैच्या सुरुवातीला नदीकाठचे डास त्रास देतात. डास नको असतील आणि प्रकाश हवा असेल तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य उत्तम. सूर्य थोडा खाली आलेला असतो आणि तिरपा प्रकाश जास्त वेळ मिळतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजांची वादळं येतात. उघड्या माळावर हा कातळ सर्वांत उंच, त्यामुळे माथ्यावर चढाई सकाळीच उरकायची.

एकाच दिवसात करायचं असेल तर आदल्या रात्री कॅस्परला किंवा रॉलिन्सला मुक्काम करा. डेन्व्हरहून पहाटे निघून त्याच दिवशी कातळ बघून यलोस्टोन गाठायचा बेत केला, की तुम्ही इथे टळटळीत दुपारी पोचता आणि सगळं फिस्कटतं.

रस्ता, पेट्रोल, फोन

कॅस्परहून 220 ने नैर्ऋत्येला साधारण 55 मैल, म्हणजे सुमारे 88 किलोमीटर, एक तास. रॉलिन्सकडून येत असाल तर 287 ने उत्तरेला मडी गॅपपर्यंत आणि तिथून उजवीकडे वळून 220 वर वीस-बावीस मैल. लॅरमी-रॉलिन्स-लँडर मार्गाने यलोस्टोनला जाणाऱ्यांना मडी गॅपपासून हा तेवढाच आडवाटेचा फेरा पडतो.

नकाशात नुसतं ‘इंडिपेंडन्स’ टाकू नका, त्या नावाची गावं अमेरिकेत बरीच आहेत. ‘इंडिपेंडन्स रॉक स्टेट हिस्टॉरिक साइट’ असं पूर्ण नाव टाका आणि नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. फोनला रेंज मधूनमधून जाते. पेट्रोलची टाकी कॅस्परला किंवा रॉलिन्सला पूर्ण भरा. मधल्या छोट्या वस्त्यांवर पंप चालू असेलच या भरवशावर राहू नका. संध्याकाळी परतताना वेग कमी ठेवा, कारण प्राँगहॉर्न (काळविटासारखा दिसणारा प्राणी) आणि हरणं नेमकी संधिप्रकाशात रस्त्यावर येतात.

कातळापाशी राज्याच्या रस्ते विभागाचा विश्रांतीथांबा आहे. पार्किंग आणि स्वच्छतागृह मिळतं. खाण्यापिण्याचं दुकान नाही. प्रवेशशुल्क नाही.

सोबत काय घ्यावं

माणशी किमान दोन लिटर पाणी. कोरड्या वाऱ्यात घाम जाणवत नाही, म्हणून तहान लागेपर्यंत थांबू नका. घट्ट रबरी तळाचे बूट, चपला-सँडल नकोत. पूर्ण लांबीची पँट: सेजब्रश पाय ओरबाडतं, आणि या भागात रॅटलस्नेक हे विषारी साप असतात. हनुवटीखाली बांधता येणारी टोपी, नाहीतर वारा ती घेऊन जाईल. एक छोटी पण प्रखर टॉर्च आणि एक घडीची छत्री. शेवटच्या दोन वस्तू उन्हापावसासाठी नाहीत, त्या वाचनाच्या आहेत. खाली सविस्तर येईल. डबा बरोबर असू द्या.

खडू, कोळसा, घासायचा ब्रश, ठसा घ्यायचा पातळ कागद यांतलं काहीही आणू नका.

पहिली पायरी : प्रदक्षिणा

थेट चढायला सुरुवात करू नका. पार्किंगकडून कातळाकडे जाणाऱ्या पायवाटेवर एक छोटा लाकडी पूल लागतो. खाली ओढा नाही. तिथे जुन्या गाडीवाटेच्या चाकोऱ्या आहेत आणि त्या तुडवल्या जाऊ नयेत म्हणून वर पूल बांधला आहे. पुलावर थांबून दोन्ही बाजूंना लांबवर नजर टाका. जमिनीत एक रुंद, उथळ पन्हळ सरळ जाताना दिसेल आणि तिच्यातलं गवत बाजूच्या गवतापेक्षा वेगळ्या रंगाचं असेल. हजारो चाकांनी दाबलेली माती पाणी वेगळ्या तऱ्हेने धरते, म्हणून हा फरक. जुन्या वाटा ओळखायची ही युक्ती या सगळ्या मार्गावर कुठेही चालते.

मग कातळाला पूर्ण फेरी मारा. नुसतं चालायचं तर पाऊण तास, बघत बघत दीड तास. फेरीत तीन गोष्टी मनात नोंदवून ठेवा: कुठल्या बाजूला भिंत उभी आहे, कुठे उतार सौम्य आहे, आणि जमिनीपासून हाताच्या उंचीवर कुठे अक्षरं दिसतात. खालच्या भागात धातूच्या स्मृतिपट्टिकाही बसवलेल्या आहेत, त्या विसाव्या शतकातल्या. 1961 मध्ये या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

कुंपण दिसलं की तिथेच थांबा. आजूबाजूला खासगी रँच आहेत. नदी जवळ दिसते म्हणून तारेखालून घुसू नका. दगडांच्या फटीत न बघता हात घालू नका, सापांची सावलीची जागा तीच. वयस्क आईवडील बरोबर असतील तर त्यांना पुलापर्यंत आणि कातळाच्या पायथ्यापर्यंत आरामात नेता येतं. त्यापुढची जमीन खडबडीत आहे.

दुसरी पायरी : माथ्यावर जाणं

चढायला परवानगी आहे. पायऱ्या, कठडे, साखळ्या काही नाहीत. ज्यांनी सह्याद्रीत कातळटप्पे चढले आहेत त्यांना हा दगड सोपा वाटेल, आणि तिथेच गफलत होते. आपल्या बेसॉल्टला खाचा आणि पायऱ्या असतात. हा ग्रॅनाइट गोलसर आणि वाऱ्याने घासून जागोजागी तुळतुळीत झालेला. पकडायला काही नसतं, बुटाच्या तळाच्या घर्षणावरच भिस्त.

फेरीत हेरलेला सर्वांत सौम्य उतार निवडा. पाऊल पूर्ण टेकवा, टाच उचलून चवड्यावर चढू नका. प्रत्येक दहा-पंधरा पावलांनी मागे वळून बघा आणि स्वतःला विचारा, इथून उतरता येईल का? चढताना डोळ्यांसमोर दगड असतो, उतरताना रिकामी हवा असते. उतरताना अडकलेल्या माणसाला सोडवायला जवळपास कुणी नसतं. दगड ओला असेल, मग तो पाऊस असो की पहाटेचं दव, तर चढू नका. ओलं दगडफूल शेवाळाइतकंच घसरडं होतं.

या कातळाचे पापुद्रे सुटतात. ग्रॅनाइट जमिनीत खोल, प्रचंड दाबाखाली तयार झालेला असतो. वरचा भार झिजून गेल्यावर तो किंचित फुलतो आणि कांद्याप्रमाणे थराथराने सुटू लागतो. कातळाचा गोल आकार यामुळेच आहे, आणि कित्येक नावं कुणी न पुसताही याच कारणाने नाहीशी झाली. तुमच्यासाठी याचा अर्थ: पाय ठेवल्यावर पोकळ आवाज आला तर तो पापुद्रा सुटत आलेला आहे. बाजूने जा. तुमचा पाय वाचेल आणि कदाचित त्यावरचं नावही.

तिसरी पायरी : प्रकाश

कोरलेलं अक्षर दिसतं ते सावलीमुळे. सूर्य दगडाच्या पृष्ठभागावर सरळ पडला की खाचेत सावलीच उरत नाही आणि अक्षर गायब. प्रकाश पृष्ठभागाला घासून गेला पाहिजे. नवखे लोक ‘चांगलं ऊन आहे’ म्हणून भर दुपारी माथ्यावर जातात, आणि माथ्याचा आडवा पृष्ठभाग वाचायला ती सर्वांत वाईट वेळ असते.

जूनअखेरीला इथे सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि पावणेनऊच्या सुमारास मावळतो. घड्याळ उन्हाळी वेळेचं असल्याने सूर्य सर्वांत वर येतो तो दुपारी एकनंतर. या हिशेबाने दिवस आखा. माथा: सूर्योदयापासून साधारण आठपर्यंत, किंवा वादळाची चिन्हं नसतील तरच संध्याकाळी सहानंतर. पूर्वेकडची उभी भिंत: सकाळी नव्हे, तर बारा ते एक, जेव्हा ऊन तिच्यावरून निसटायच्या बेतात असतं. पश्चिमेकडची भिंत: दीड ते अडीच, ऊन तिला नुकतं लागायला लागतं तेव्हा. दक्षिणेची भिंत भर दुपारी, कारण उन्हाळ्यात सूर्य इतका वर असतो की प्रकाश तिच्यावरून खाली घसरत येतो. उत्तरेच्या भिंतीला उन्हाळ्यात पहाटे आणि अगदी संध्याकाळी थोडंसं ऊन मिळतं.

नको त्या वेळी पोचलात तर टॉर्च आणि छत्री काढा. छत्रीने नावावर पूर्ण सावली करा आणि टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने प्रकाश टाका. मग टॉर्च हळूहळू फिरवा, घड्याळातला काटा फिरतो तशी. उभ्या रेघा बाजूच्या प्रकाशात उठतात, आडव्या रेघा वरून किंवा खालून. एका दिशेने ‘1’ वाटलेला आकडा दुसऱ्या दिशेने ‘4’ निघतो. निदान चार दिशांनी बघितल्याशिवाय तारीख पक्की धरू नका.

चौथी पायरी : वाचन

नावं दोन प्रकारे लिहिली जायची. घाई असलेले लोक गाडीच्या आसाला लावायचं वंगण वापरायचे, म्हणजे डांबर आणि चरबी. प्रत्येक गाडीला वंगणाची बादली टांगलेली असायची, त्यामुळे रंग आयता हाताशी. वेळ असलेले लोक छिन्नी-हातोड्याने कोरायचे. वंगणाची आणि रंगाची नावं ऊन-पावसाने जवळजवळ सगळी गेली. क्वचित एखादी कपारीच्या छताखाली उरलेली दिसते. आज वाचता येतात ती मुख्यतः कोरलेली. 1850 च्या दशकात तर दगडकामाची हत्यारं असलेले मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे काही कारागीर इथे पैसे घेऊन नावं कोरून देत. जागेनुसार 1 ते 5 डॉलर अशी दराची नोंद सापडते. एखादं नाव शेजारच्यापेक्षा फारच सुबक, समान उंचीच्या अक्षरांत आणि टोकांना छोट्या आडव्या रेघांसह दिसलं, तर ते सराईत हाताचं असण्याची शक्यता आहे. स्वतः कोरणाऱ्याची अक्षरं शेवटी शेवटी दाटीवाटीची होतात आणि गोलाकार अक्षरं कोनदार होतात. ग्रॅनाइटवर वळण काढणं कठीण, टाकीचा प्रत्येक घाव सरळच जातो.

वाचायला बसलात की आधी आकडे शोधा. ‘18’ ने सुरू होणारा वर्षाचा आकडा सापडला की त्याच्या आसपास नाव असतंच. मग वर्ष लावून बघा. 1843 हे ओरेगॉनला गेलेल्या पहिल्या मोठ्या तांड्याचं वर्ष. 1847 मॉर्मन लोकांच्या पहिल्या तांड्याचं. 1849 पासून पुढची काही वर्षं कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या ओढीची, आणि 1850 व 1852 मध्ये गर्दी प्रचंड होती. 1860 च्या दशकातलं नाव स्थलांतरिताचं असेलच असं नाही. त्या काळात टपालस्वारांची चौकी, तारयंत्राची लाइन आणि ती राखणारे सैनिकही या भागात होते. महिना दिला असेल तर जूनअखेर ते जुलैअखेर हा स्थलांतरितांचा नेहमीचा काळ. त्यापेक्षा बऱ्याच उशिराची तारीख दिसली तर सैनिक, व्यापारी किंवा उलट दिशेने परतणारा प्रवासी असू शकतो. किंवा फार उशिरा निघालेला तांडा. 1856 मधला मार्टिन यांचा हातगाड्यांचा तांडा नोव्हेंबरच्या बर्फात इथून काही मैलांवर अडकला आणि त्यातली अनेक माणसं दगावली.

नावं वाचताना नवख्याला अडवतात ती संक्षिप्त रूपं. पहिल्या नावाच्या जागी डब्ल्यू आणि एम असेल तर ते विल्यम. जे-एन-ओ म्हणजे जॉन. जे-ए-एस म्हणजे जेम्स. सी-एच-ए-एस म्हणजे चार्ल्स. टी-एच-ओ-एस म्हणजे थॉमस. जी-ई-ओ म्हणजे जॉर्ज. शेवटचं अक्षर बऱ्याचदा वर उचलून लहान कोरलेलं असतं आणि खाली टिंब किंवा रेघ असते. नावानंतर एम-ओ दिसलं तर मिसुरी, तीन अक्षरांचं आय-एल-एल असेल तर इलिनॉय, नुसता ‘ओ’ असेल तर ओहायो. कित्येकदा इंग्रजी ‘एन’ आणि ‘एस’ उलटे कोरलेले सापडतात. ती लेखनाची जेमतेम ओळख असलेल्या माणसाची खूण, बनावटपणाची नव्हे.

जुनं आणि नवं कसं ओळखायचं? खाचेचा रंग बघा. जुन्या खाचेचा तळ आणि बाजूचा दगड एकाच रंगाचे झालेले असतात आणि दगडफूल खाचेच्या कडा ओलांडून आत उतरलेलं असतं. अलीकडची ओरखड पांढुरकी, चमकदार आणि कडा धारदार असलेली दिसते. गाडीरस्ते झाल्यावरही पर्यटकांनी इथे नावं खरडली आहेत, तेव्हा दिसलेलं प्रत्येक नाव बैलगाडीतून आलेल्या माणसाचं समजू नका.

माथ्यावर मोकळ्या सपाटीपेक्षा खोलगट भागांत आणि दोन पापुद्र्यांमधल्या आडोशांत वेळ घालवा. वारा आणि पाऊस कमी लागल्याने तिथली अक्षरं टिकून आहेत.

काही गोष्टी शोधूनही सापडणार नाहीत, तेव्हा त्यासाठी फिरत राहू नका. सर्वेक्षक जॉन फ्रेमाँट यांनी ऑगस्ट 1842 मध्ये इथे मोठा क्रूस कोरला होता. 1847 च्या सुमारास तो सुरुंगाची दारू लावून उडवला गेल्याचं सांगतात, आणि 1856 ची अध्यक्षपदाची निवडणूक ते लढले तेव्हा ते कॅथलिक असल्याचा पुरावा म्हणून विरोधकांनी हाच क्रूस पुढे केला. 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला आलेले जेझुइट पाद्री प्येर-झाँ द स्मेत यांनी या कातळाला वाळवंटाची मोठी नोंदवही म्हटलं. ते वर्णन मात्र टिकलं आणि आजही सगळीकडे वापरलं जातं.

या नोंदवहीचा उपयोग मिरवण्यापुरता नव्हता, हे वाचताना विसरू नका. पुढे गेलेल्या भावाचं किंवा शेजाऱ्याचं नाव मागून येणारे इथे शोधायचे. तारीख बघून ते किती दिवस पुढे आहेत आणि निदान इथवर सुखरूप पोचले हे कळायचं. पत्र पोचायला महिने लागायचे त्या काळात ही एकच बातमी ताबडतोब मिळायची.

हात लावू नये असं काय काय

दगडफूल खरवडू नका. त्याचे तंतू दगडाच्या कणांत शिरलेले असतात. ओढून काढलं की वरचे कण त्याच्याबरोबर निघतात आणि अक्षराची कडा जाते. खडूने खाच भरू नका. फोटोत एकदा छान दिसतं, पण भुकटी दगडात राहते, आणि भरणारा चुकीचं वाचून चुकीचं भरतो, मग पुढचे सगळे तेच वाचतात. पाणी ओतू नका. कागद ठेवून घासून ठसा घेऊ नका, खाली पापुद्रा सुटत आला असेल तर तेवढा दाब पुरतो. बोटाने अक्षर गिरवायचा मोह मुलांना हमखास होतो, त्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि स्वतःचं नाव? अजिबात नाही. कायद्याने तो गुन्हा आहे. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 28 एप्रिल 1819 ला खरडलेलं नाव आज आपण कुतूहलाने दाखवतो, म्हणून आपल्या किल्ल्यांवरचे बदाम आणि नावं क्षम्य ठरत नाहीत. तसंच इथे. ग्रॅनाइटवर जागा मोजकी आहे आणि प्रत्येक नवी ओरखड कुठल्या तरी पुसट, अजून न वाचल्या गेलेल्या नावावर बसण्याची शक्यता असते.

फोटो आणि टिपण

प्रत्येक नावाचे तीन फोटो घ्या: एक लांबून, आजूबाजूचे दगड ओळखू येतील असा, एक समोरून, कॅमेरा पृष्ठभागाला समांतर धरून, आणि एक तिरप्या प्रकाशातला. फ्लॅश कॅमेऱ्यावरच असेल तर तो बंद ठेवा, सावल्या सपाट करतो. आकाराचा अंदाज यावा म्हणून नावाशेजारी मोकळ्या दगडावर पेन ठेवा. वाचता न आलेल्या अक्षराच्या जागी टिपणात फुली मारा, अंदाजाने भरू नका. घरी मोठ्या पडद्यावर फोटोचा रंग काढून कृष्णधवल केला आणि गडद-उजळ फरक वाढवला, की निम्म्या फुल्या सुटतात.

तिथून पुढे

वेळ असेल तर 220 वरच नैर्ऋत्येला सहा मैलांवर डेव्हिल्स गेट बघा. स्वीटवॉटरने ग्रॅनाइटच्या कड्यातून कापलेली अरुंद, शेकडो फूट खोल खिंड. गाड्या तिच्यातून जाऊ शकत नव्हत्या, त्या बाजूने वळसा घालून गेल्या. रस्त्यालगत थांबून बघता येईल अशी जागा आहे. तिथेच मार्टिन यांच्या तांड्याच्या स्मरणार्थ उभारलेलं अभ्यागत केंद्र आहे आणि तिथून मार्टिन्स कोव्हकडे चालत जाता येतं. त्यासाठी वेगळा अर्धा दिवस लागेल.

कॅस्परमधलं राष्ट्रीय ऐतिहासिक मार्गांचं केंद्र शक्यतो कातळाच्या आधी बघा. गाडीत किती सामान मावायचं, नदी कशी ओलांडायचे, हे तिथे कळल्यावर दगडावरचं साधं नावही वेगळं वाचलं जातं.

नावांचाच नाद लागला तर वायोमिंगमध्ये अशा आणखी दोन मोठ्या जागा आहेत. पूर्वेला गर्न्सी गावाजवळ रजिस्टर क्लिफ. तिथला दगड मऊ असल्याने कोरणं सोपं होतं आणि झिजणंही. त्यामुळे जुन्या नावांत नवी बेसुमार मिसळली आहेत आणि वर सांगितलेली रंगाची कसोटी तिथे फार उपयोगी पडते. जवळच मऊ दगडात गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या, काही ठिकाणी पाच फूट खोल चाकोऱ्या आहेत. त्या चुकवू नका. पश्चिमेला ला बार्ज गावाच्या दक्षिणेस 189 क्रमांकाच्या रस्त्यालगत नेम्स हिल. तिथे जेम्स ब्रिजर या प्रसिद्ध वाटाड्याचं 1844 सालचं नाव जपून ठेवलं आहे. ब्रिजर यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे ते दुसऱ्या कुणी कोरून दिलं असावं असं बरेच जण मानतात. राज्याबाहेर, आयडाहोच्या दक्षिणेला सिटी ऑफ रॉक्स इथे कॅलिफोर्नियाच्या वाटेवरच्या प्रवाशांनी वंगणाने लिहिलेली काळी नावं अजून वाचता येतात. इंडिपेंडन्स रॉकवर जे पुसलं गेलं ते कसं दिसत असेल, हे बघायचं असेल तर तिकडे जा.